सुला नावाचं नेटवर्क

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायचा माझा आग्रह नाही. जिच्याबरोबर हे घडलं ती माझी मामेबहीण साक्षी. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही आणि असल्या गोष्टी रंगवून सांगायचा तिला कंटाळा आहे. मला हे सगळं तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं, कधी चहा पिताना, कधी गाडीत.

डिसेंबर २०२३. विट्याच्या पलीकडं, माळावरचं एक गाव.

गावाचं नाव सांगत नाही. तिथं माणसं राहतात अजून.

म्हणजे... थोडीच राहतात. त्या भागात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायची दुकानं. कुणाचं केरळात, कुणाचं पंजाबात, कुणाचं बंगालात. पैसा आला की गावात दोन मजली बंगला बांधायचा, रंग द्यायचा, वर नाव कोरायचं आणि कुलूप लावून परत जायचं. यात्रेला चार दिवस गाव गजबजतं. एरवी संध्याकाळी रस्त्यानं चालत गेलं, तर दोन्ही बाजूंना नुसत्या अंधाऱ्या खिडक्या.

अशा गल्लीत साक्षी एकटी राहत होती.

तिचा नवरा ऋषिराज सैन्यात. सासूसासरे लग्नाआधीच गेलेले. घर त्यानं हौसेनं बांधलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला साताऱ्याहून तिथं आणून ठेवलं. "घर बंद राहिलं की खराब होतं," म्हणाला. मग सुट्टी संपली आणि तो वर निघून गेला, बर्फात.

साक्षीला मिरजेच्या एका दवाखान्याचं काम होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाईप करून पाठवायचे. घरबसल्या. त्यासाठी लॅपटॉप आणि वायफाय.

दिवसभर तिच्या कानात डॉक्टरांचे आवाज असायचे. पण तिच्याशी बोलणारं त्यात कुणी नसायचं.

त्यात मोबाईल पडला. फरशीवर आपटून काच गेली, आवाजही गेला. विट्याला दुरुस्तीला टाकला. दुकानदार म्हणाला, पार्ट सांगलीहून मागवावा लागेल, आठवडा लागेल.

"लागू दे," ती म्हणाली. व्हॉट्सॲप लॅपटॉपवरही जोडलेलं होतं. ऋषिराजचा फोन तिथंच घेता येईल.

आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं.

म्हणजे घरातलं वायफाय चालू होतं. राऊटरचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. लॅपटॉपच्या यादीत नाव दिसत होतं. ती नावावर दाबायची, ते बिचारं गोल गोल फिरायचं... आणि खाली यायचं, 'या नेटवर्कशी जोडता येत नाही.'

पासवर्ड परत घातला. तेच.

राऊटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. जुनं नेटवर्क यादीतून काढून टाकलं, नव्यानं जोडायला घेतलं.

तेच.

संध्याकाळपर्यंत ती रडकुंडीला आली. कामाच्या फायली अडकल्या होत्या हे एक. पण खरं कारण वेगळं होतं. ऋषिराजचा फोन कधी येईल याचा नेम नसायचा. आला आणि आपण नसलो तर?

गल्लीच्या टोकाला हरिबा नानांचं घर. पूर्वी मेंढरं राखायचे, आता डाळिंबाची बाग. त्या गल्लीत दिवा लागणारं दुसरं घर तेवढंच. त्यांच्या फोनवरून तिनं विट्याच्या शंभूराजला फोन लावला. शंभूराज गावोगावी वायफायची जोडणी करायचा.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी स्वतःचा मोबाईल तिच्या वायफायला जोडून बघितला.

"पळतंय की वहिनी! राऊटरमधी काय न्हाई."

मग लॅपटॉप घेऊन बसला. साक्षीनं केलेलं सगळं त्यानं पुन्हा केलं. वायफायचं सॉफ्टवेअर काढून परत घातलं. स्वतःच्या मोबाईलचं नेट लॅपटॉपला देऊन बघितलं. तेही लागेना.

"लॅपटॉपमधलं कार्ड गेलंय बघा. इट्याला न्यावा लागंल."

"जवळपास दुसऱ्या कुणाचं वायफाय आहे का? तेवढ्यापुरतं?"

शंभूराज हसला. "ह्या गल्लीत? आवं, कोण हाय हितं?"

त्यानं यादी उघडून दाखवली. यादीत एकच नाव होतं. तिचं स्वतःचं.

तो गेला. मोटारसायकलचा आवाज माळावर विरला. मग नुसता पवनचक्क्यांचा आवाज राहिला... हूंऽऽ... हूंऽऽ. तिथं तो कायम असतो. माणसं म्हणतात, सवय होते. साक्षीला झाली नव्हती.

तिन्हीसांजेला तिनं देवापुढं दिवा लावला. मग उगाच, काही होईल म्हणून नाही, तिनं लॅपटॉप उघडला.

यादीत दोन नावं होती.

एक तिचं. आणि त्याच्या वर दुसरं. इंग्रजी अक्षरात... 'सुला'.

कुलपाचं चिन्ह नव्हतं. म्हणजे पासवर्ड नाही. रेंज भरलेली.

तिला वाटलं, कुठल्या तरी बंगल्यात माणसं आली असतील. खिडकीतून बघितलं. समोर गलाईवाल्या तानाजीचं घर, काळोखात. त्याच्या शेजारचं, काळोखात. गाडी नाही, माणूस नाही.

मोह झाला. तिनं नावावर दाबलं.

एका क्षणात लागलं. गोल फिरलंसुद्धा नाही.

अडकलेल्या फायली भराभर मिरजेला गेल्या. साक्षीनं सुस्कारा सोडला. कुणाचं का असेना, उद्या आभार मानू.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

ऋषिराज.

घाईघाईत तिनं हेडफोन कानाला लावले. "हॅलो! अहो, दिसत नाही तुम्ही!"

"कॅमेरा बंद ठेवलाय," तो म्हणाला. "नेट पुरत नाही."

आवाज त्याचाच. थोडा बसलेला, थंडीनं बसतो तसा.

मग तो म्हणाला...

"जेवलीस का?"

साक्षीला हसू आलं. "आत्ता? दिवेलागणीला कोण जेवतं?"

पण बरं वाटलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. ऋषिराजनं हे कधी विचारलं नव्हतं. त्याचे प्रश्न ठरलेले. गॅस आणला का, लाईटबिल भरलं का, मोटर चालू आहे का.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसभर यादीत एकच नाव, तिचं, न लागणारं. दिवा लावला की 'सुला'. आणि लागोपाठ फोन.

"जेवलीस का?"

"नाही हो अजून."

"काय केलंयस?"

"काय करणार एकटीसाठी. भात टाकीन."

"भातानं भागतंय व्हय? भाकरी कर. बोल... मी ऐकतोय."

आणि ती बोलली.

तिच्याकडं बोलायला किती साठलं होतं हे तिलाच माहीत नव्हतं. घर किती मोठं वाटतं. रात्री वरच्या मजल्यावर जायचं टाळते. पवनचक्क्यांचा आवाज नको वाटतो. पलीकडून मध्येमध्ये फक्त 'हं' यायचं. 'हं... मग?'

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं ते सांगितलं.

दसऱ्याच्या आधी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. पाचवा महिना. साताऱ्याच्या दवाखान्यात होती, उशाला माझी आई. ऋषिराज तेव्हा वर. फोनवर तो म्हणाला होता, "तू बरी आहेस ना? मग झालं. होतं असं." दिवाळीला आला तेव्हा त्या विषयाचं नावसुद्धा काढलं नाही. तिनंही काढलं नाही.

आता तिनं सगळं सांगितलं. नर्सनं काय विचारलं, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं बाळ कसं रडत होतं, घरी येताना गाडीत ती मांडीवर रिकामी पिशवी धरून कशी बसली होती. सांगता सांगता ती रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

पलीकडून कुणी 'रडू नको' म्हणालं नाही. 'होतं असं' म्हणालं नाही.

नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मग, अगदी हळू...

"रड पोरी. रडून घे."

साक्षीनं डोळे पुसले. पोरी? ऋषिराज तिला कधी पोरी म्हणत नाही.

त्याच वेळी गावातल्या देवळाची घंटा वाजली. आरतीची.

तिनं एका कानावरचा हेडफोन काढला. बाहेर घंटा वाजत होती.

दुसऱ्या कानात, हेडफोनमध्ये... तीच घंटा. तोच ठेका. एका टोल्याचाही फरक नाही.

"अहो," तिनं विचारलं, "तुमच्याकडं पण देऊळ आहे का?"





"हाय की," आवाज म्हणाला.

त्या रात्री तिनं दिवा चालूच ठेवला. मनाची समजूत घातली. तिचाच माईक घंटा पकडत असेल आणि तीच परत ऐकू येत असेल. तांत्रिक काही तरी. आणि ऋषिराज गावचाच, बोलता बोलता गावाकडचं तोंडात येणारच.

माणूस एकटा असला की मनाची समजूत लवकर पटते.

मोबाईल आला असा निरोप हरिबा नानांकडं आला. ती सकाळच्या एस.टी.नं विट्याला गेली, फोन घेतला, भाजी घेतली. आणि खरं सांगायचं तर येताना तिचं मन हलकं होतं. संध्याकाळ कधी होते असं झालं होतं तिला. तिनं भाकरीसुद्धा आधीच करून ठेवली. आज 'जेवलीस का'ला 'हो' म्हणायचं होतं.

दिवा लावला. लॅपटॉप उघडला. 'सुला'. जोडलं.

फोन आला. आज तिनं हेडफोन लावले नाहीत. आवाज खोलीत मोकळा येऊ दिला.

"जेवलीस का?"

"हो! आज जेवले."

"गुणाची माझी."

ती विट्याच्या बाजाराचं सांगायला लागली. गवारी किती महाग झाली, बसमध्ये बायका कशा भांडत होत्या...

टेबलावर ठेवलेला मोबाईल वाजला.

तिनं सहज नाव बघितलं.

ऋषिराज.

व्हिडिओ कॉल.

ती लॅपटॉपकडं बघत राहिली. तिथं फोन चालू होता. तिथंही तेच नाव. मोबाईल वाजतच होता. तिनं कसाबसा उचलला.

पडद्यावर ऋषिराजचा चेहरा. दाढी वाढलेली, ओठ उललेले, डोक्यावर लोकरी टोपी. मागं पत्र्याची भिंत.

"साक्षी! अगं, लागला एकदाचा. पोस्टवर अडकलो होतो. बर्फानं रस्ता बंद, फोन बंद, काहीच नव्हतं. आज खाली उतरलो. काळजी करत बसली असशील ना?"



"किती दिवस?" तिनं कसंबसं विचारलं.

"आठवडा तरी झाला असेल. का गं? अशी काय बघतेस?"

आणि लॅपटॉपमधून ऋषिराजच्याच आवाजात...

"कोण हाय गं?"

मोबाईलवरचा ऋषिराज थबकला.

"तुझ्याजवळ कोण आहे?"

"तु... तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं की. कोण म्हातारी बसलीय?"

म्हातारी.

साक्षीला तो आवाज नवऱ्याचा ऐकू येत होता. नवऱ्याला तो एका म्हातारीचा ऐकू आला.

"सांग की त्याला," लॅपटॉप म्हणाला. "मी हाय म्हणून."

साक्षीनं झाकण धाडकन मिटलं.

आवाज थांबला नाही.

"का गं पोरी? बोलत हुतीस की चांगली..."

ती उठली ती अनवाणीच पळत सुटली. हातात मोबाईल, त्यात ऋषिराज ओरडतोय, साक्षी, साक्षी. हरिबा नानांच्या ओसरीवर ती आदळली तेव्हा ते जेवायला बसले होते.

त्या रात्री ती नानांच्या घरीच झोपली. नानांनी किंवा त्यांच्या बायकोनं तिला काही विचारलं नाही. सकाळी चहा प्यायल्यावर तिनंच सांगितलं. 'सुला' हे नाव ऐकल्यावर नानांनी कप खाली ठेवला.

"सुलाबाई," ते म्हणाले. "तानाजीची आय. तुज्या समुरच्या घरातली."

साक्षी ते घर 'तानाजीचं' म्हणूनच ओळखत होती. तिथं कुणी म्हातारी राहत होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"लेक तिकडं केरळात. ह्यानं आयसाठी वायफाय बसवून दिलं, मोबाईल दिला, रोज तोंड बघाय मिळंल म्हणून. चार दिस बोलला आसंल. पुढं दुकान, पोरं... कुणाला येळ हाय? ही बसायची खिडकीत. रस्त्यानं कोण बी जाऊ दे, हाक मारायची. जेवलास का? जेवलीस का? लोकं हूं म्हणून म्होरं जायची. आमी बी जायचो. गेल्या साली थंडीतच गेली. दोन दिसांनी कळलं आमाला."

"घरात वायफाय चालू आहे अजून?"

"कसलं? लाईटच तोडलीया. किल्ली हाय माज्याकडं. चल, बघू."

साक्षी लॅपटॉप बरोबर घेऊन गेली. तिला खात्री करून घ्यायची होती. कुठं तरी एखादा डबा चालू असेल, वायर असेल, काही तरी सापडेल.

दार उघडलं. कोंदट वास. सगळीकडं धूळ. भिंतीवर एक पातळ वायर लोंबत होती, टोकाला काही नाही. राऊटर तानाजीनं काढून नेला होता. खिडकीपाशी प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावरही धूळ. फक्त धूळ.

साक्षीनं तिथं उभं राहून लॅपटॉप उघडला.

यादी कोरी. एकही नाव नाही.

ती बाहेर आली. रस्त्यावर यादी पुन्हा बघितली. 'सुला'. रेंज एक रेघ.

दिवसाढवळ्या. ऊन पडलेलं.

ती आपल्या घराकडं चालायला लागली. नाना मागून. फाटकाशी दोन रेघा. ओसरीवर तीन.

आतल्या खोलीत, तिच्या टेबलापाशी... भरलेली.

नाना दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसायची. दुसरी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, ऋषिराजची. त्या सकाळी ती भिंतीपाशी नव्हती. तिच्या खुर्चीला लागून होती, थोडी तिच्याकडं वळलेली... कुणी शेजारी बसून ऐकत असावं तशी.

ती त्याच दिवशी साताऱ्याला आली, आमच्या घरी. नंतर भाड्यानं दोन खोल्या घेतल्या, भरवस्तीत. ऋषिराजनं तिकडचं घर बंद केलं. आता त्या गल्लीत आणखी एक कुलूप.

लॅपटॉप दुरुस्तीला न्यायची वेळच आली नाही. साताऱ्यात पोचल्यावर तो पहिल्या झटक्यात लागला, आजतागायत बिनतक्रार चालतोय. कॉलच्या यादीत त्या आठवड्यातला एकही कॉल नव्हता. फायली मात्र मिरजेला खरोखर पोचल्या होत्या. कशा, ते कुणाला सांगता आलं नाही. शंभूराजला विचारलं, तर त्यानं विषय बदलला.

तानाजीला हरिबा नानांनी फोन केला होता. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बरं." आणि ठेवला. यात्रेला तो आला नाही.

पुढं ऋषिराज सुट्टीवर आला. साक्षीनं धीर करून त्याच्याशी बाळाचा विषय काढला, समोरासमोर. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जुनं उकरायचं नाही," म्हणाला आणि टीव्ही लावला. तो वाईट माणूस नाही. त्याला येत नाही ते.

मागच्या महिन्यात ती आमच्याकडं आली होती. मी विचारलं, "अजून भीती वाटते का गं?"

"भीती शेवटच्या दिवशी वाटली," ती म्हणाली. "त्याच्या आधी... लय बरं वाटत होतं."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि समजा यादीत ते नाव परत दिसलं, तर?"

मला वाटलं ती म्हणेल, लॅपटॉप फेकून देईन.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

बाहेर अंधारून आलं होतं. आई देवापुढं दिवा लावत होती. साक्षी उठली, म्हणाली, "निघते. घरी जाऊन काम करायचंय."

मी म्हणालो, जेवून जा. ती थांबली नाही. मी गॅलरीतून बघत होतो... ती भराभर चालत होती. घरी कुणी वाट बघत असल्यासारखी.